गवताचा बागायतदार

सांगली,
२८ एप्रिल १९७८

प्रिय अक्का,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र चुलीत घातलं नाहीस, तर तेवढ्यापुरता मी सुटलो असं समजतो. आपल्यात अडीच वर्षं होत आली, एक ओळ नाही. मधे आईच्या वर्षश्राद्धाला तू पलूसला आलीस, पंगतीत मला वाढलंस, "भात पायजे का" म्हणून विचारलंस. इतक्या दिवसांत तू माझ्याशी बोललेलं वाक्य हे एवढंच. मी नको म्हणालो. नंतर वाटलं, हो म्हणायला हवं होतं, निदान "आनि किती" हे तरी पदरात पडलं असतं. दर आठवड्याला दोन रकाने भरून लोकांची खिल्ली उडवणारा मी, तुला चार ओळी लिहायला बसतो आणि टाक कोरडा पडतो. हे सातवं पान आहे. आधीची सहा वाचण्यासारखी झाली होती म्हणून फाडली.

गेल्या मंगळवारी दाजी माझ्याकडे आले होते. मिरजेला गुडघा दाखवायला जातो म्हणून तुला सांगून निघाले असतील, आणि ते काही खोटं नाही. दवाखान्याचा कागद त्यांच्या खिशातून डोकावत होता. पण तिथून ते सांगलीला आले. मी लिहीत बसलो होतो, दारात सावली पडली म्हणून मान वर केली, तर हवालदार मानसिंग ताठ उभे, गुडघा दुखत असूनही ताठ, डोक्याला फेटा, हातात पिशवी. "मधुराव, काम चाललंय व्हय? मग बसतो भाईर." बाहेर म्हणजे पायरीवर. एसटी स्टँडवर आटपाडीकडचा फेटा दिसला की मी रस्ता ओलांडून पलीकडं जातो, आणि हा माणूस माझ्या पायरीवर बसायला निघालेला. तुझ्या भावजयीनं, विनोदिनीनं, चहा केला. त्यांनी तो बशीत ओतून प्याला, "लय झ्याक झालाय" म्हणाले, मुलांची शाळा विचारली, माझ्या पोटाचं विचारलं, पलूसच्या विहिरीचं पाणी विचारलं. तासभर सगळ्या जगाबद्दल बोलले, त्या एका गोष्टीखेरीज. मग कशाला आले होते ते सांगितलं. ते मी शेवटी लिहीन. आत्ताच लिहिलं तर मधलं सगळं सांगायचा धीर राहायचा नाही.

आपण पलूसची माणसं. आपल्याकडं गवत म्हणजे वैरी. उसात हराळी दिसली की आबांचा चेहरा घरात चोर शिरल्यासारखा व्हायचा. तू आणि आई खुरपं घेऊन सरीतून सरकत असायचा आणि मी बांधावर पुस्तक घेऊन. तू मान वर न करता म्हणायचीस, "वाच रं बाबा, वाच. तुझ्या वाचण्यानंच जळंल हराळी." माझी जीभ मी तुझ्याकडूनच घेतली, अक्का. तू ती घरात वापरलीस आणि मी बाजारात बसवली, एवढाच फरक. मग आबांनी तुला आटपाडीच्या मुलखात दिलं. आई रडत होती, तर आबा म्हणाले, "जमीन कोरडी हाय, पर पगार ओला हाय." लग्नात कानपिळीला मला पुढं केलं. सोळा वर्षांचा होतो, बहिणीला नीट वागवा असं सांगायला नवऱ्या मुलाचा कान पिळायचा आणि शर्टाचं कापड घ्यायचं, एवढीच कल्पना. मी असा पिळला की मुंडावळ्यांखाली कान लालबुंद झाला. दाजी हसत म्हणाले, "पिळा, मेव्हणं, पिळा. तुमचा हक्कच हाय." मला वाटतं माझी सगळी चूक त्या वाक्यात सुरू झाली. तो हक्क त्या दिवसापुरता असतो हे मला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. पुढं वीस-बावीस वर्षं मी तो कान धरूनच होतो. त्यांच्या फेट्यावर, त्यांच्या हिंदीवर, रजेवर आले की पहाटे उठून अंगणात कवायत करायचे त्यावर. ते दर वेळी हसायचे. तू हसत नव्हतीस, पण मी तुझ्याकडं पाहतच नव्हतो.

दाजी पेन्शनीवर आले आणि वर्षभरात बहात्तरचा दुष्काळ. आपल्या उसाच्या शेंड्यांची वाढी ट्रकनं तुमच्याकडच्या जनावरांच्या छावणीत जायची, म्हणून मी एकदा ट्रकबरोबर आलो होतो. दावणीला हाडाचे सापळे उभे होते. खिलार असल्याचं फक्त शिंगांवरून कळत होतं. त्या दिवशी दाजी जे बोलले ते माझ्या वहीत आहे. विनोदी लेखक लोकांची वाक्यं चोरून ठेवतो, तसं ठेवलेलं. "मधुराव, मानसाला खडी फोडून खायला मिळालं. जनावरानं काय फोडायचं?" मग त्यांनी गायरानाकडं हात केला. चार बोटं माती, खाली मुरूम, वर नुसती कुसळं. पाऊस पडला की महिनाभर हिरवी आणि मग मेंढरांच्या तोंडात टोचणारी. म्हणाले, "हिथं आपुन गवत पेरायचं." मला वाटलं, दुष्काळानं डोकं फिरलंय.

पुढचं तुला सांगण्यात खरं म्हणजे अर्थ नाही, तू ते स्वतःच्या हातांनी केलंस. तरी लिहितो. मी किती नीट पाहिलं होतं, हे तुला कळायला हवं म्हणून लिहितो. त्यांची पलटण बरीच वर्षं जोधपूरकडं होती. तिथं रेतीत ओळी धरून पेरलेलं अंजन गवत त्यांनी पाहिलेलं. फौजेतल्या एका दोस्ताकडून पिशवीभर बी मागवलं. पहिल्या साली त्यातलं निम्मं पेरलं, एक कोंब आला नाही. गाव हसलं. मग दोस्ताचं पत्र आलं की अंजनाचं ताजं बी झोपलेलं असतं, वर्षभर मडक्यात घालून विसरायचं, मग ते जागं होतं. उरलेलं निम्मं तू उतरंडीत ठेवलंस. पंचाहत्तरच्या मे महिन्यात मी आंबे घेऊन आलो तेव्हा ते बाहेर काढलेलं होतं. ते बी म्हणजे कापसाच्या कचऱ्यासारखं, केसाळ, हातात धरलं तर फुंकरीनं उडणारं. पेरणीच्या पाभरीच्या चाड्यात, म्हणजे ज्या लाकडी वाटीतून बी खाली सोडतात तिच्यात, टाकलं तर तिथंच अडकून बसतं, नळीतून उतरतच नाही. त्यावर तू आणि शेजारच्या भामाबाईनं चाळलेली माती, शेण आणि बी एकत्र मळून बारीक गोळ्या केल्यात, ज्वारीच्या दाण्याएवढ्या, आणि सावलीत वाळवल्यात. मी एक उचलून म्हणालो, "अक्का, ही पित्तावर घ्यायची का वातावर?" तू म्हणालीस, "जिभंवर चालत आसली तर बग."

दाजींनी माळ नांगरला नाही. नांगरला तर आहे ती मातीही वाऱ्यावर जाईल, जुन्या गवताची मुळं तिला धरून आहेत, म्हणाले. चार फणांच्या पाभरीचे मधले दोन फण काढून टाकले, उरलेल्या दोन्हींना लाकडाची ठोकळी बांधली, म्हणजे फण नखभरापेक्षा खाली जायला नको. त्याहून खोल पडलं तर एवढ्याशा बियाला वर यायची ताकद नाही. उताराला आडव्या ओळी, मधे दीड-दोन हात जुनं गवत तसंच. पावसाआधी धुळीतच पेर. बैल पुढं, पाभरीवर दाजी, चाड्यावर गोळ्या सोडत तू, आणि मागं माती लोटायला बाभळीची फांदी ओढत चाललेली. दिवसभर उन्हात पंधरा एकर माळावर तुम्ही दोघं रेघा ओढत होता. मी बोरीच्या सावलीला बसलो होतो. पुस्तक होतंच.

आणि सगळ्यांत मोठं काम पाभरीनं झालंच नव्हतं. गायरान सगळ्या गावाचं. दोन पावसाळे तिथं एकही जनावर जाणार नाही असं गावानं कबूल केल्याशिवाय पेरून उपयोग नव्हता. दाजी दारोदार फिरले. कोंडीबा मेंढपाळ तीनशे मेंढरांचा धनी, तो म्हणायचा, "हवालदार, तुमी गवत पेरणार आनि मी मेंढरं काय तुमच्या रेघांवरनं गोल फिरवू?" शेवटी बिरोबाच्या देवळात बेलभंडार उचलून शपथ झाली आणि पहिला हात कोंडीबानंच घातला. त्यानंतर तो खरंच रोज मैलभर वळसा घालून कळप नेत होता. हे मला माहीत होतं. हेही.

त्याच जूनच्या अखेरीला आणीबाणी आली. संपादकांनी मला बोलावून सांगितलं, "मधुकरराव, थोडे दिवस हलकंफुलकं लिहा." हलकंफुलकं म्हणजे ज्याला उलट मारता येत नाही अशा माणसावर, हे त्यांनी सांगितलं नव्हतं, ते माझं मला समजलं. वर रोखलेली लेखणी मी हळूहळू खाली आणली. ती कलेक्टर कचेरीवरून घसरली, पंचायत समितीवरून घसरली, आणि जिथं काहीच धोका नाही अशा जागेवर येऊन टेकली. दिवाळी अंकाला लेख द्यायचा होता. सप्टेंबरात मी तुमच्याकडं आलो, दाजींबरोबर माळावर गेलो. पाऊस बेताचा झालेला. कुसळं गुडघाभर, आणि पेरलेल्या ओळींत मात्र जवळजवळ काही नाही. वाकून पाहिलं तर कुठं कुठं दोन-दोन पात्या, सुईसारख्या. दाजी त्या रिकाम्या ओळींवरून असे चालत होते जणू पिकाची पाहणी चाललीय. माझ्या डोक्यात लेख तिथंच तयार झाला. परतीच्या गाडीत, विट्याच्या अलीकडं, मी त्याचं नावही लिहून टाकलं: 'गवताचा बागायतदार'.

तू तो वाचला आहेस की नाही मला माहीत नाही. चांगला उतरला होता, हीच पंचाईत आहे. "शेतकरी जन्मभर गवत उगवू नये म्हणून खुरपं चालवतो आणि आमचे एक आप्त ते उगवावं म्हणून पाभर चालवतात. दोघांची गाठ घालून दिली तर दोघांचेही कष्ट वाचतील." "फौजेत असताना यांना शत्रू दिसत नसे, आता पीक दिसत नाही. पहारा मात्र दोन्हीकडं चोख." पुढच्या साली ते दगड पेरतील, त्यांना शेणाचं लिंपण करतील, आणि गाव दगडांना दोन वर्षं हात न लावण्याची शपथ घेईल, असंही होतं. नाव घातलं नव्हतं. हवालदार, आटपाडी, पाभर आणि गवत, एवढं असल्यावर नाव कशाला? अंक संपला. माझ्या सगळ्या लिखाणात एवढी पत्रं कशालाच आली नव्हती. गेल्या वर्षी, आणीबाणी उठल्यावर, इथं एक सत्कार झाला आणि पाहुण्यांनी माझी ओळख 'त्या काळातही ज्यांची लेखणी थांबली नाही असे निर्भीड लेखक' अशी करून दिली. थांबली नव्हती हे खरंच आहे. मी हार घालून घेतला.

गावात काय झालं ते मला इतके दिवस तुकड्यातुकड्यांनीच कळलं होतं. नीट सांगितलं ते दाजींनी मंगळवारी, तेही मी विचारलं म्हणून. गावातल्या केरबानं अंक विट्याहून आणला आणि पंचायतीच्या कट्ट्यावर मोठ्यानं वाचला. केरबाचा आवाज चांगला, नाटकात काम करतो. लोक लोळून हसले. दोनदा वाचायला लावला. दुसऱ्या दिवसापासून दाजी 'गवत्या' झाले आणि पाणवठ्यावर तू 'गवत्याची'. आठवडाभरात कुणाची तरी म्हैस गायरानात शिरली. कुणी हाकलली नाही. मग मार्गशीर्षात अवकाळी पावसाची एक सर आली, जमीन मऊ झाली, आणि कोंडीबानं कळप आत घातला. दाजी त्याला इतकंच म्हणाले, "कोंडीबा, भंडार उचललाय आपुन." तो म्हणाला, "हवालदार, तुमच्या घरातलंच मानूस हसतंय. ज्याच्या गवताला त्याचा मेव्हना हसतो, त्याला आमी का राखायचं?" अक्का, मी अडीचशेच्या वर लेख लिहिलेत, त्यातल्या एकाही वाक्यात एवढं वजन नाही. तीन दिवस मेंढरं होती. मऊ मातीतून कोवळी रोपं मुळासकट उपटून निघाली. तू काठी घेऊन कळपाच्या आडवी झालीस, हेही दाजींनी सांगितलं. "म्या म्हनलं, ऱ्हाऊ दे. किती मेंढरांच्या आड हुशील?" चौथ्या दिवशी माळ परत पूर्वीसारखा झाला. पुढच्या उन्हाळ्यात वैरण पुरली नाही आणि खिलारी जोडी खरसुंडीच्या बाजारात गेली. तीच जोडी, जिनं त्या रेघा ओढल्या होत्या.

हे सगळं सांगून झाल्यावर दाजी म्हणाले, "आवं, तुमी मनाला लावून घिऊ नगा. शिकल्यालं मानूस, शहरात ऱ्हातंय, त्येला गवतातलं काय कळतंय? दिसलं तसं लिवलंत." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. विनोदिनीचे डोळे भरले. माझे नाही भरले. मला उठून बाहेर पळावंसं वाटलं.

कारण वर सप्टेंबरचं सांगताना मी एक गोष्ट गाळली. लेखातही तीच गाळली होती. हात सवयीनंच तिच्यावरून पुढं गेला बघ. त्या दिवशी माळावर मी दाजींना म्हणालो होतो, "दाजी, ह्या दोन पात्यांवर किती म्हशी जगवायच्या?" ते हसले नाहीत. उकिडवे बसले, खुरप्याच्या टोकानं एका रोपाभोवती माती सैल केली आणि ते अलगद उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. वर बोटभर दोन पात्या. खाली मूळ, माझ्या मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्याही मागं जाणारं, पांढरं, दोऱ्यासारखं, त्याला मुरमाचे खडे धरलेले. "हे यंदा खाली जातंय. फुडल्या सालाला वर. पैल्या साली ह्येला कुनी तोंड लावलं न्हाई, तर दुष्काळ ह्येचं कायबी करत न्हाई." मग ते रोप त्यांनी परत भोकात बसवलं, माती दाबली, आणि कळशीतलं ओंजळभर पाणी घातलं. मला सगळं कळलं होतं. दगडालाही कळलं असतं. लेखाच्या कच्च्या खर्ड्यात ते मूळ होतं, चार-पाच ओळी होत्या, बऱ्या होत्या. वाचून पाहिलं, तर तिथं आलं की हसू थांबत होतं. माणूस विचारात पडत होता. मी त्या ओळींवर काट मारली. संपादकांनी नाही, सेन्सॉरनं नाही. मी.

आणि कळशी तुझ्या कमरेवर होती. दाजी पुढं गेल्यावर मी तुला म्हणालोही होतो, "अक्का, दाजींचं खरंय, आधी मूळच."

आता दाजी कशाला आले होते ते. गायरानाच्या कोपऱ्यात बोरीच्या काटेरी जाळीत मेंढरांचं तोंड पोचलं नाही, तिथं तीसेक ठोंब राहिले. त्यांचं बी तुम्ही दोघांनी दोन सुगी, मुठीमुठीनं गोळा केलंत. आता पाच एकरापुरतं झालंय, त्यातलं बरंचसं वर्षभर झोपूनही झालंय. यंदा पेरलं तर उगवेल. आणखी वर्ष-दोन वर्षं ठेवलं तर मरेल, आणि मग पुन्हा गोळा करण्याएवढं बळ त्यांच्या गुडघ्यात नाही, हे ते बोलले नाहीत पण मी त्यांना पायरी उतरताना पाहिलं. अक्षयतृतीयेला गाव बिरोबाच्या देवळात बसणार आहे. मोडलेल्या शपथेवर परत हात घालायला कुणी तयार नाही. कोंडीबा म्हणतो, "आधी त्यो पेपरवाला मेव्हना काय म्हन्तोय बगू." म्हणून दाजी स्वतः आले, पिशवीत माझ्यासाठी तुझ्या हातच्या शेंगांची चटणी घेऊन. ती तू दिलीस की त्यांनी तुला न सांगता आणली, हे मी विचारलं नाही. म्हणाले, "मधुराव, तुमचं लोक आयकत्यात. तुमी यकदा या. लय बोलू नगा. भंडाराम्होरं एवडंच म्हना, आमाला तवा म्हाईत न्हवतं." मी हो म्हणालो. त्यांना गाडीत बसवून आलो.

अक्का, मला जे एवढंच म्हणायला सांगितलंय तेच मला म्हणता येत नाही. बिरोबासमोर म्हणता येईल कदाचित, मी काही फार देवभोळा नाही. तू बायकांत बसलेली असशील, तुझ्यासमोर म्हणता यायचं नाही. मंगळवारी दाजींचा हात खांद्यावर असताना मला कळलं की इतके दिवस तू त्यांना हे सांगितलेलं नाहीस. भावावर राग धरलास, राखी पाठवली नाहीस, भाऊबीजेला आली नाहीस, पण आपल्या भावानं समजून उमजून हे केलं, एवढं मात्र नवऱ्याला कळू दिलं नाहीस. त्यांना मला माफ करता यावं म्हणून, की माहेर अगदीच उघडं पडू नये म्हणून, ते तुझं तुला माहीत. माझं खोटं तू एवढे दिवस वागवलंस, हे मात्र मला त्या क्षणापर्यंत सुचलंही नव्हतं. मी त्यांना सरळ पत्र लिहिलं असतं, पण ते हसले असते. मधुरावांनी परत काहीतरी गमतीचं लिहिलंय म्हणाले असते, किंवा भला माणूस उगाच स्वतःला लावून घेतोय म्हणाले असते. माझ्या शब्दाची ही किंमत मीच करून ठेवलीय. म्हणून हे पत्र तुला. आज-उद्या त्यांना समोर बसवून सगळं वाचून दाखव, आणि मुळाच्या जागी आलीस की थांबून सांग, की हे खरं आहे, त्याला तेव्हाच कळलं होतं, मी त्याच्या तोंडून ऐकलंय. ते ऐकूनही त्यांनी ये म्हटलं तर अक्षयतृतीयेच्या आदल्या दिवशी मी दुपारच्या गाडीनं येईन आणि गावासमोर, कोंडीबासमोर, मला माहीत होतं असं सांगेन. हवालदारानं ते मला हातावर ठेवून दाखवलं होतं, तरी मी हसवलं, असं. त्यावर कुणी भंडार उचलेल की मलाच दगड मारतील, सांगता येत नाही. पण 'माहीत नव्हतं' यापेक्षा त्यानं गवताची बाजू जास्त भक्कम होईल, असं मला वाटतं. नको म्हटलं तर येणार नाही. ते काय म्हणाले ते मला कळव. तू हलकं करून लिहिशील, मला ठाऊक आहे. तसं करू नकोस. त्यांच्याच शब्दांत लिही, जे असेल ते, एकही शब्द न गाळता.

तुझाच, पण तू म्हणशील तेव्हाच,
मधु